हृदयाच्या झडपेला स्टेपनी का नसते?

नौपाडाकर (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ११.१०

मंडळी, आधीच सांगतो, काका घरी आलेत आणि बरे आहेत, त्यामुळे 'काळजी घ्या'चे प्रतिसाद नकोत. एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

काका ६३ वर्षांचे, कासारवडवलीला राहतात. गेल्या महिन्यात एका रविवारी त्यांच्या छातीत जळजळलं. आदल्या दिवशी लग्नात जेवले होते, म्हणून लिंबू-सोडा घेऊन झोपले. पुढचे तीन दिवस नुसते मलूल. बुधवारी रात्री एकच्या सुमारास उठून बसले ते परत आडवे होईनात. पाठ टेकली की श्वास कोंडायचा, खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस. हॉस्पिटलात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळलं की रविवारची जळजळ हा अ‍ॅटॅक होता. झडपेच्या दोऱ्या ज्या स्नायूला बांधलेल्या असतात तो त्यात मेला होता आणि आता तुटला. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप एकदम सताड उघडी. डॉक्टरांनी चार्टच्या मागे चित्र काढून दाखवलं, तंबूचा खुंटा उपटला गेल्यावर कापड फडफडतं तसं.

मग व्हेंटिलेटर, औषधं, मांडीतून तो फुगा, आणि पहाटे सहाला ऑपरेशन. मधले चार तास मी बाकड्यावर. मनात एकच. गाडी पंक्चर झाली तर स्टेपनी लावून गॅरेजपर्यंत जातो. ठोके मंदावले तर तात्पुरता पेसमेकर घालतात. किडनी थांबली तर डायलिसिस. मग झडप फाटली तर दोन दिवसांपुरती दुसरी झडप का नाही? असं काही कुणी करून बघितलंय का?

टवाळखोर
सोमवार, रात्री ११.२२

स्टेपनी मिळेल हो, पण घोडबंदरला जॅक लावायला जागा कुठाय?
(हलकेच घ्या. काकांना सलाम.)

रबाळे फिटर
मंगळवार, सकाळी ६.०५

मी डॉक्टर नाही. टीटीसीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ३१ वर्षं पंप दुरुस्त केले. पण प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत अगदी हेच झालं होतं.

२०११ सालची गोष्ट. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला. पंप चालू असेतो ठीक. बंद केला की सात मजल्यांचं पाणी धाडकन खाली. पाइप हादरायचे, लोक म्हणायचे भूकंप. व्हॉल्व्ह होता भिंतीत चिणलेला, फोडायचं म्हणजे दोन दिवस बिल्डिंग कोरडी. आणि ऐन गणपतीत! मी काय केलं, त्याला हातच लावला नाही. वर दुसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये पाइप उघडा होता, तिथे कापून दुसरा एनआरव्ही घातला. खालचा गळेना का, वरचं पाणी वरच राहिलं.

हृदयाला असं का करत नाहीत?

बायपासबाई
मंगळवार, दुपारी २.४८

फिटरकाका, हे तुम्ही २०११ मध्ये केलंत. वॉशिंग्टनला चार्ल्स हफनागेल नावाच्या सर्जनने १९५२ च्या सप्टेंबरात माणसाच्या अंगात हेच केलं.

मी परफ्यूजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवते. हॉस्पिटल नवी मुंबईतलं, एवढं पुरे. १९५२ मध्ये माझी नोकरीच नव्हती, कारण ते मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं १९५३ च्या मे महिन्यात. हृदय उघडून आत बघणं शक्य नव्हतं. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, मुळाशी असलेली झडप गळतेय, तिथे हात पोचत नाही. मग हफनागेलने छातीत खाली उतरणाऱ्या महाधमनीत अ‍ॅक्रिलिकच्या पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप बसवली. चेंडू पुढे गेला की रक्त पुढे, चेंडू मागे आला की वाट बंद. मूळ झडप तशीच गळत राहिली. त्या चेंडूचा टक टक आवाज खोलीतल्या बाकीच्यांना ऐकू यायचा म्हणतात.

आता नौपाडाकरांचा प्रश्न. तात्पुरती झडप ही कल्पना नवी नाही. १९६५ मध्ये हायवेल डेव्हिस यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कॅथेटरवर, म्हणजे रक्तवाहिनीतून आत सरकवायच्या बारीक नळीवर, बसवलेली, पॅराशूटसारखी झडप मांडली, ती महाधमनीच्या गळतीवर तात्पुरता उतारा म्हणूनच. प्रयोग कुत्र्यांवर. १९७१ मध्ये मौलोपौलोस यांनी छत्रीसारखी झडप करून बघितली. रक्त पुढे जाताना छत्री मिटते, मागे फिरलं की उघडते. १९७६ मध्ये आणखी एका गटाने कॅथेटरच्या टोकावरची झडप मुद्दाम केलेल्या अचानक गळतीवर तपासली. म्हणजे तुम्ही बाकड्यावर बसून जे शोधलंत ते साठ वर्षांपूर्वी शोधून झालंय. तरी आमच्या कपाटात ती नाही. का नाही ते संध्याकाळी लिहिते, केस आहे.

टवाळखोर
मंगळवार, दुपारी २.५५

छत्री उलटी झाली तर? ठाणे स्टेशनबाहेर जुलैत उभं राहून बघा म्हणावं.

चिकित्सक
मंगळवार, दुपारी ४.३०

बाई, हफनागेलच्या युक्तीत भोक आहे. डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या धमन्या महाधमनीच्या कमानीतून निघतात, त्या झडपेच्या आधीच. तिथलं रक्त तर मागे येणारच. फिटरकाकांच्या सोसायटीत पहिल्या मजल्याचं पाणी खाली येतच असणार.

रबाळे फिटर
मंगळवार, दुपारी ४.४१

येत होतं. पहिल्या मजल्यावरच्या सावंतवहिनींनी दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता.

बायपासबाई
मंगळवार, रात्री ९.१५

चिकित्सक, बरोबर. गळती कमी झाली, थांबली नाही. तरी ते पेशंट वर्षानुवर्षांच्या गळतीचे होते, म्हणून निभावलं. इथे मुख्य मुद्दा येतो.

गळती हळूहळू वाढली तर हृदय जुळवून घेतं. डावा कप्पा ताणतो, मोठा होतो. जुन्या लॅटिन पुस्तकांत अशा हृदयाला बैलाचं हृदय म्हणायचे, इतकं वाढतं. माणूस जिने चढतो, लग्नात नाचतो, अन् इको केला की गळती 'सिव्हिअर'. पण तीच गळती एका रात्रीत झाली तर कप्प्याला ताणायला वेळच मिळत नाही. लहान भांड्यात दुप्पट पाणी. आतला दाब वाढतो, तो मागे फुप्फुसात, आणि फुप्फुसात पाणी. काकांचा गुलाबी फेस तो हाच. फुप्फुसात दाटी आणि पुढे बीपी घसरलेलं, असं दोन्हीकडून.

अशा वेळी थोडा वेळ विकत घ्यायचा म्हणून स्टेपनी हवी, हे अगदी खरं. पण कुठे लावणार?

एक, महाधमनीची झडप. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या या झडपेच्या लगेच वरून निघतात, आणि त्या भरतात मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा. तात्पुरती झडप त्यांच्या पुढे बसवली तर त्या गळक्या भागातच राहतात, हृदयालाच रक्त कमी. अगदी त्यांच्या तोंडाशी बसवली तर छत्रीचं कापड तोंडावर येण्याची भीती. शिवाय झडप कॅथेटरच्या दांड्यावर लोंबकळते, तिच्यावर गुठळी धरते, आणि सुटलेली गुठळी सरळ मेंदूकडे.

दोन, मायट्रल. काकांची हीच. इथे तर फिटरकाकांचा पाइपच नाही! दोन खोल्यांमधलं हे दार. त्यापुढे किंवा मागे लांबवर दुसरं दार बसवायला जागा नाही. जे करायचं ते त्याच चौकटीत, आणि चौकटीत तुटलेल्या दोऱ्या फडफडतायत.

तीन, आणि याचं मला नेहमी वाईट वाटतं. महाधमनीची झडप अचानक का गळते? एक तर झडपेला जंतुसंसर्ग होऊन ती खाल्ली गेली, नाहीतर महाधमनीचा आतला पापुद्रा फाटत मुळापर्यंत आला. पहिल्यात रक्तात जंतू, त्यात परकी वस्तू सोडायची म्हणजे जंतूंना आणखी एक घर. दुसऱ्यात फाटलेल्या नळीतूनच कॅथेटर वर न्यायचा. म्हणजे ज्यांना स्टेपनीची सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच ती लावणं सगळ्यांत अवघड.

प्रश्नचिन्ह
मंगळवार, रात्री ९.५०

पण हल्ली ताव्ही का काय ते, छाती न उघडता मांडीतून झडप बसवतात ना? आमच्या शेजारच्या आजी तिसऱ्या दिवशी घरी. ती झडप इथे का चालत नाही?

बायपासबाई
मंगळवार, रात्री १०.२०

चालते कधीकधी, पण ती मुळात वेगळ्या आजारासाठी. २००२ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये रुआंला आलँ क्रिबिए यांनी पहिली बसवली, ती अरुंद झालेल्या झडपेत. म्हाताऱ्या झडपेवर कॅल्शियमचा चुना साचतो, नवीन झडप त्या चुन्यात घट्ट रुतते. नुसती गळणारी झडप मऊ असते, चुना नाही, पकड नाही. नवीन झडप घसरून खाली कप्प्यात किंवा वर महाधमनीत. झडपेच्या पाकळ्यांनाच पकडून बसणाऱ्या खास झडपाही निघाल्यात, पण त्या कायमच्या म्हणून, आणि भाव विचारू नका.

मायट्रलसाठी पाकळ्या एकत्र चिमटणारी क्लिप असते. काकांसारख्या केसमध्ये, सर्जन म्हणाले की ऑपरेशन झेपणारच नाही, तर काही ठिकाणी ती लावतात.

वाशीचे आजोबा
बुधवार, सकाळी ७.३०

माझ्या छातीत १९९४ पासून धातूची झडप आहे. लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्याने झडप गेली. रात्री शांत असलं की टिक टिक ऐकू येते. नातू लहान असताना छातीला कान लावून म्हणायचा, आजोबा, तुम्ही घड्याळ गिळलं का? मी म्हणायचो, हो, एचएमटीचं.

एक शंका. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासतो, रक्त पातळ ठेवायची गोळी नियमित. पण अळू खाऊ की नको? सूनबाई देत नाही.

मीनल ऐरोली
बुधवार, सकाळी ९.०२

आजोबा, माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलंय, पालेभाजी बंद करू नका, पण रोज साधारण तेवढीच खा. एका आठवड्यात काही नाही आणि श्रावणात रोज अळूचं फदफदं, मग आयएनआर नाचतो. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

अवांतर: फदफद्यात मुळा घालायचा की नाही?

टवाळखोर
बुधवार, सकाळी ९.०६

गेला धागा. स्टेपनीवरून फदफद्यावर.

चिकित्सक
बुधवार, सकाळी ९.२०

मुळा हवाच. आणि शेंगदाणे, हरभरा डाळ दोन्ही.

कोपरीचा डॉक्टर
बुधवार, दुपारी १.४०

उशिरा वाचला धागा. कोपरीत माझा साधा दवाखाना आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. बायपासबाईंनी लिहिलेलं बरोबर आहे, पण मला वेगळं वाटतं ते लिहितो. राग नसावा.

तुम्ही सगळे चार तासांवर बोलताय. काकांचे चार तास नाही गेले, तीन दिवस गेले. रविवार ते बुधवार. हा स्नायू साधारणपणे अ‍ॅटॅकनंतर दोन ते सात दिवसांत तुटतो, आणि दरवेळी अ‍ॅटॅक मोठाच असतो असं नाही. तिथे असे दोन स्नायू असतात. त्यातल्या मागच्या बाजूच्या स्नायूला बहुतेकांत एकाच धमनीचा रक्तपुरवठा, ती बंद की तो गेला. रविवारीच ईसीजी झाला असता आणि धमनी वेळेत उघडली असती तर कदाचित तो तुटलाही नसता. स्टेपनी राहू दे, आधी टायर बघा.

दुसरं. अचानक झालेली गळती स्टेथोस्कोपने सापडत नाही बरेचदा. जुन्या गळतीचा आवाज लांबलचक, दणदणीत. अचानकच्या गळतीत दोन्ही बाजूंचा दाब लवकर सारखा होतो, आवाज तोकडा आणि मऊ. त्यात पेशंट धापा टाकतोय, छातीत घरघर. न्यूमोनिया समजून किंवा दमा समजून औषधं चालू होतात. मीही एकदा फसलोय. २६ वर्षांचा मुलगा, दहा दिवस ताप, मी दोनदा अँटिबायोटिक बदललं. तिसऱ्यांदा पाठवला इकोला, झडपेवर जंतूंचा गोळा. तो वाचला, पण मला अजून त्याचा चेहरा आठवतो. तुमची तात्पुरती झडप उद्या बाजारात आली तरी गळती आहे हे आधी कुणाला तरी कळायला हवं.

नौपाडाकर
बुधवार, दुपारी २.१५

डॉक्टर, खरं आहे, पण लागलं. लिंबू-सोडा मीच करून दिला होता.

कोपरीचा डॉक्टर
बुधवार, दुपारी २.२०

अहो नाही हो. रोज दहा जण जळजळ घेऊन येतात, नऊ जणांना खरंच जळजळच असते. तुम्हाला बोल लावायला लिहिलं नव्हतं.

रबाळे फिटर
बुधवार, संध्या. ६.५०

मला तो फुगा कळला नाही. फुगा पाइपात ठेवला तर पाणी अडणार ना?

बायपासबाई
बुधवार, रात्री ८.३०

काका, फुगा ठोक्याच्या तालावर फुगतो-मिटतो. हृदय ढकलतं तेव्हा तो मिटतो, पुढे मोकळी जागा होते आणि रक्त सहज पुढे जातं. मायट्रल गळतीत हे सोनंच. पुढची वाट सोपी झाली की मागच्या फाटक्या दारातून कमी जातं. हृदय सैल पडलं की फुगा फुगतो, रक्त हृदयाच्या धमन्यांकडे रेटतो.

पण महाधमनीची झडप गळत असेल तर फुगा घालायचाच नाही. फुगला की रक्त गळक्या झडपेतून परत आत. तेल ओतल्यासारखं. गंमत म्हणजे १९६२ मध्ये हा फुगा मांडला तो मौलोपौलोस यांनीच, छत्रीवाले. मला आपलं वाटतं, फुगा ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठीच त्यांना छत्री सुचली असावी. हा माझा अंदाज, कुठे वाचलेलं नाही.

ठोके मंद करायची औषधंही तिथे जपून. मंद ठोका म्हणजे मधली सुट्टी लांब, म्हणजे गळायला जास्त वेळ. नाडी वाढलेली बघून सवयीने गोळी दिली तर उलटतं.

मीनल ऐरोली
बुधवार, रात्री ९.१०

खर्चावर कुणीच बोलत नाहीये. माझ्या नणंदेची झडप महात्मा फुले योजनेतून बदलली. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलात योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याच्या टेबलावर आधी जायचं, मग बाकी. तिला श्रीचित्राची झडप बसली. आपल्या देशातली म्हणून तिला फार कौतुक.

बायपासबाई
बुधवार, रात्री ९.३५

कौतुक असायलाच हवं. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने केली, आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९० ला पहिली बसवली. फिटरकाका, तुमच्यासाठी: धातूची चौकट आणि आत तिरकी होणारी प्लास्टिकची तबकडी.

रबाळे फिटर
बुधवार, रात्री ९.४४

कुठलं प्लास्टिक?

बायपासबाई
बुधवार, रात्री ९.४६

अति-उच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन.

रबाळे फिटर
बुधवार, रात्री ९.५१

अहो, त्याच्या पट्ट्या आम्ही कन्व्हेयरखाली लावायचो! झिजत नाही लवकर. शाब्बास.

बायपासबाई
बुधवार, रात्री ९.५८

१९६० मध्ये स्टार या सर्जनबरोबर मायट्रलची चेंडूवाली झडप करणारे एडवर्ड्स हेसुद्धा इंजिनिअरच, विमानाच्या इंधन पंपांवर काम केलेले. तुमच्याच बिरादरीतले.

प्रश्नचिन्ह
गुरुवार, सकाळी ८.१५

सगळं वाचलं. मूळ प्रश्नाला 'हो' की 'नाही'? बुधवारी रात्री दीड वाजता तशी झडप हॉस्पिटलात असती, तर काकांना लावली असती का?

बायपासबाई
गुरुवार, दुपारी ३.०५

काकांना नाही. त्यांना फुगा चालत होता, सर्जन दोन तासांवर होते, आणि मायट्रलला लोंबकळती झडप लावण्यात गेलेला वेळ ऑपरेशनमधूनच गेला असता. त्यांची खरी स्टेपनी माझं मशीन. छाती उघडून पंपावर घेतलं की झडप असली काय, नसली काय, रक्त मी फिरवते.

पण मला ती हवी आहे, आणि कुणासाठी ते सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी मुरबाडकडची २४ वर्षांची मुलगी आली होती. आजोबांसारखाच लहानपणीचा ताप, मायट्रल झडप चिकटून अरुंद. कॅथेटरवरच्या फुग्याने (काकांचा तो फुगा वेगळा) उघडायला घेतली. हे नेहमीचं काम, बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. हिची पाकळी फाटली. हा धोका सगळ्यांना माहीत असतो, सही घेतानाही सांगतात. टेबलावरच गळती, बीपी साठवर. ओटीत दुसरी केस पंपावर होती, तिला अर्ध्यात सोडता येत नव्हतं. त्या पन्नास मिनिटांत कॅथलॅबमध्ये मी माझं रिकामं मशीन भरत उभी होते आणि मनात हाच प्रश्न होता, जो तुमच्या मनात बाकड्यावर होता. तिथे जंतू नव्हते, महाधमनी फाटलेली नव्हती, कॅथेटर आधीच आत होता, डॉक्टर जागेवर. अशा पेशंटसाठी, तासाभरापुरती. एवढीच जागा आहे तिला, पण आहे.

मुलगी वाचली. मागच्या वर्षी लाडू घेऊन आली होती.

नौपाडाकर
गुरुवार, रात्री १०.००

बाई, फिटरकाका, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. काकांना धागा वाचून दाखवला. चारच शंका आहेत त्यांना. तीन मी डॉक्टरांना विचारीन. चौथी इथे: मामलेदारची मिसळ कधीपासून?

टवाळखोर
गुरुवार, रात्री १०.०३

मध्यम तिखट, सहा महिन्यांनी. तोवर लिंबू-सोडा मात्र कुणी देऊ नका.

चिकित्सक
गुरुवार, रात्री १०.१०

फिटरकाका, राहून गेलं. सोसायटीचा तो तात्पुरता एनआरव्ही पुढे काढला का?

रबाळे फिटर
शुक्रवार, सकाळी ६.१०

गणपती गेल्यावर भिंत फोडून मूळचा बदलला. तात्पुरता काढायला माणूस येणार होता. अजून तिथेच आहे.

बायपासबाई
शुक्रवार, सकाळी ६.५५

काका, आमच्याकडे तेवढं चालत नाही. काढायला जागा ठेवूनच बसवावा लागतो.